मोठ्या सॉफ्टवेअर प्रकल्पातील स्वयंचलित घटक-चाचण्यांची मांडणी : आय. आय. टी. मुंबई येथील तीन प्रकल्पांच्या आधारे एक विवेचन

बीजसंज्ञा : घटक-चाचणी, चाचणीसंच, मुक्त स्रोत सॉफ्टवेअर, मायावी, पायएसपीएच, यक्ष, विद्यार्थी-प्रकल्प

प्रास्ताविक

संगणकशास्त्राच्या पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमांत ‘सॉफ्टवेअर अभियांत्रिकी’ हा विषय दीर्घकाळ शिकविला जात आहे. त्यातील चाचणीवरील प्रकरण बहुधा शेवटाकडे येते आणि सत्र संपत आल्यामुळे घाईने उरकले जाते. व्हाइट बॉक्स व ब्लॅक बॉक्स या चाचण्यांतील फरक विद्यार्थी उत्तरपत्रिकेत बिनचूक लिहितात; त्यांचा स्वतःचा प्रकल्प मात्र एकाही स्वयंचलित चाचणीविना सादर होतो. तोंडी परीक्षेच्या दिवशी पडद्यावर चालला म्हणजे प्रकल्प पूर्ण झाला, असे आपणही मानत आलो आहोत. याचा परिणाम पुढच्या वर्षी दिसतो. नवी तुकडी तोच विषय पुन्हा पहिल्यापासून सुरू करते, कारण आधीच्या तुकडीने लिहिलेल्या कोडला हात लावला तर काय बिघडेल हे सांगणारे त्यात काहीच नसते.

चाचणी कशी लिहावी याचे विवेचन पाठ्यपुस्तकांत मिळते. परंतु चाचण्यांची संख्या शेकड्यांत गेली की त्या कोठे ठेवाव्यात, कोणत्या केव्हा चालवाव्यात आणि कोणत्या एकमेकींपासून दूर ठेवाव्यात, या प्रश्नांकडे फारसे लक्ष दिले जात नाही. प्रस्तुत लेखात याच बाजूचा विचार केला आहे. त्यासाठी आय. आय. टी. मुंबई येथील प्रा. प्रभू रामचंद्रन यांच्याशी निगडित असलेले मायावी, पायएसपीएच आणि यक्ष हे तीन मुक्त स्रोत प्रकल्प आधारास घेतले आहेत. त्यांचा संपूर्ण कोड व चाचण्या कोणालाही पाहता येतात, ही अध्यापनाच्या दृष्टीने मोठीच सोय आहे.

घटक-चाचणी : एक उदाहरण

कार्यक्रमाच्या एखाद्या लहान, स्वतंत्र भागाला ठरावीक आदान देऊन त्याचे प्रदान अपेक्षित उत्तराशी ताडून पाहणारा दुसरा छोटा कार्यक्रम म्हणजे घटक-चाचणी होय. इंग्रजीत तिला युनिट टेस्ट म्हणतात. तिचे महत्त्व व्याख्येपेक्षा उदाहरणातून अधिक लवकर पटते.

हसनाबाद (ता. भोकरदन, जि. जालना) सारख्या गावातील शेतजमिनीच्या नोंदी हाताळणारा एक विद्यार्थी-प्रकल्प कल्पावा. सात-बाराच्या उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहिलेले असते. गावात बोलताना मात्र एकर आणि गुंठे चालतात. शंभर आर म्हणजे एक हेक्टर, त्यामुळे १.६० आणि ०.७५ या दशांश संख्यांची सरळ बेरीज केली तरी २ हेक्टर ३५ आर हे उत्तर बरोबर येते. हीच पद्धत विद्यार्थी एकर-गुंठ्यांना लावतो आणि तेथे फसतो, कारण एकराचे गुंठे चाळीस असतात. १ एकर ३५ गुंठे, १ एकर ३८ गुंठे आणि १ एकर ३९ गुंठे अशा तीन तुकड्यांची खरी बेरीज ५ एकर ३२ गुंठे होते. १.३५, १.३८ आणि १.३९ यांची दशांश बेरीज ४.१२ येते आणि पडद्यावर ‘४ एकर १२ गुंठे’ असे उमटते. साठ गुंठे, म्हणजे तब्बल दीड एकर जमीन हिशेबातून नाहीशी होते. आणि उत्तर दिसायला इतके साधे असते की त्याविषयी कोणाला शंकाही येत नाही. पहिले दोनच तुकडे घेतले असते तर ‘२ एकर ७३ गुंठे’ असे विचित्र उत्तर दिसून कदाचित चूक उघडकीस आली असती. प्रात्यक्षिकाच्या दिवशी नेमके कोणते आकडे घातले जातील यावर चूक सापडणे अवलंबून राहते, ही यातील खरी अडचण आहे.

वरील तीन तुकड्यांची बेरीज ५ एकर ३२ गुंठे आलीच पाहिजे, आणि ३९ गुंठ्यांत १ गुंठा मिळविला तर १ एकर ० गुंठे आलेच पाहिजे, अशा दोन घटक-चाचण्या लिहायला पाच मिनिटे पुरतात. एकदा लिहिल्या की त्या प्रत्येक बदलानंतर कोणाच्याही आठवणीवर विसंबून न राहता चालविता येतात.

अशा चाचण्या लिहिण्याची आजची रूढ पद्धत केंट बेक यांच्यापासून सुरू झाली. त्यांनी १९९४ मध्ये स्मॉलटॉक भाषेसाठी एसयुनिट या चौकटीची मांडणी केली. १९९७ मध्ये झुरिकहून अटलांटाला जाणाऱ्या विमानात त्यांनी व एरिक गॅमा यांनी मिळून तिची जावा आवृत्ती, जेयुनिट, लिहिली. पायथॉनच्या मानक ग्रंथालयात अशी चौकट २००१ च्या २.१ या आवृत्तीपासून आहे.

चाचण्या वाढल्यावर निर्माण होणारा प्रश्न

चाचण्यांचे प्रमाण किती वाढू शकते याची कल्पना एसक्यूलाइट या डेटाबेसवरून येते. २०२३ मधील ३.४२.० या आवृत्तीत मूळ ग्रंथालयाच्या सुमारे १ लाख ५६ हजार ओळी होत्या, तर चाचणीच्या कोडच्या सुमारे ९ कोटी २० लाख. हे गुणोत्तर सुमारे ५९० पट भरते. हे अर्थातच टोकाचे उदाहरण झाले. परंतु सर्वसाधारण मोठ्या प्रकल्पातही चाचण्यांचा कोड मूळ कोडच्या बरोबरीस येऊन पोहोचणे नवलाचे नाही. एवढा कोड मांडणीविना टिकू शकत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या मते प्रत्येक चाचणीच्या जागेने दोन प्रश्नांची उत्तरे द्यावयास हवीत. पहिला, ही चाचणी कशाविषयी आहे? चाचणी अयशस्वी झाली की नेमका कोणता भाग तपासायचा आणि तो कोणी दुरुस्त करायचा, हे तिच्या ठिकाणावरून व नावावरून कळले पाहिजे. दुसरा, ती चालविण्यास काय लागते? काही चाचण्या क्षणार्धात होतात. काहींना डेटाबेस, जाळे, आलेखपट किंवा अनेक संगणक लागतात. हे दोन प्रश्न परस्परांना आडवे छेदतात. एकाच मॉड्यूलच्या काही चाचण्या अतिशय हलक्या आणि काही अतिशय जड असू शकतात. पुष्कळ प्रकल्प पहिल्या प्रश्नापुरती व्यवस्था लावतात आणि दुसरा तसाच सोडून देतात.

दुसऱ्या प्रश्नाकडे दुर्लक्ष झाले तर काय होते हे गूगलच्या अनुभवावरून समजते. कोड न बदलताही कधी यशस्वी तर कधी अयशस्वी होणाऱ्या चाचण्यांचे प्रमाण त्या संस्थेने २०१६ मध्ये प्रसिद्ध केले. तिच्या सुमारे १६ टक्के चाचण्यांत थोड्याफार प्रमाणात अशी अस्थिरता आढळली होती. त्याहून बोलका आकडा पुढचा आहे : यशस्वी असलेली चाचणी अयशस्वी झाल्याच्या घटनांपैकी सुमारे ८४ टक्के घटनांत एखादी अस्थिर चाचणी गुंतलेली होती. याचा अर्थ असा, की लाल दिवा लागला की विकासकाने ‘पुन्हा एकदा चालवून पाहू’ म्हणणे हेच शहाणपणाचे ठरू लागते. ही सवय एकदा जडली की खरी चूकही त्याच वाक्याखाली झाकली जाते. कोणी ठरवून चाचणीसंच बंद करत नाही. त्याच्याकडे पाहणेच बंद होते.

मायावी : दोन जातींच्या चाचण्या वेगळ्या ठेवणे

वैज्ञानिक माहितीचे त्रिमिती चित्रण करणारे मायावी हे सॉफ्टवेअर प्रा. रामचंद्रन यांनी सुरू केले. त्यावरील गेल व्हारोको यांच्यासमवेतचा त्यांचा निबंध २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. मायावी ज्या पायावर उभे आहे ते व्हीटीके हे सी प्लस प्लसमधील प्रचंड ग्रंथालय होय. या दोहोंच्या मध्ये टीव्हीटीके नावाचा एक थर आहे. त्यातील पायथॉन वर्ग माणसाने हाताने लिहिलेले नसून एका कार्यक्रमाने व्हीटीके वाचून निर्माण केलेले असतात.

येथे चाचणीकाराची पंचाईत होते. आपोआप निर्माण झालेल्या प्रत्येक वर्गासाठी वेगळी चाचणी लिहिणे अशक्य आहे. टीव्हीटीकेच्या चाचण्यांमध्ये म्हणून सर्व वर्गांवरून फिरून प्रत्येकाची वस्तू तयार करता येते का एवढेच पाहणारी एक चाचणी आहे. ती फार खोल जात नाही. पण व्हीटीकेची नवी आवृत्ती आली आणि निर्मितीकार कोठे अडखळला, तर ते सर्वप्रथम तीच सांगू शकते. जेथे कोड यंत्राने लिहिलेला असतो तेथे चाचणी कोडनिहाय न लिहिता नियमनिहाय लिहावी, असा बोध यातून घेता येईल.

मांडणीच्या दृष्टीने मायावीतील महत्त्वाची गोष्ट अशी की त्यातील घटक-चाचण्या त्या त्या पॅकेजच्या आत ‘टेस्ट्स’ नावाच्या फोल्डरमध्ये आहेत, तर प्रत्यक्ष खिडकी उघडून संपूर्ण चित्र उभे करणाऱ्या एकात्मिक चाचण्यांसाठी प्रकल्पाच्या मुळाशी स्वतंत्र फोल्डर आहे. दुसऱ्या प्रकारच्या चाचण्यांना पडदा लागतो, वेळ लागतो. शिवाय आलेखप्रणालीतील दोषाने संपूर्ण कार्यक्रमच कोसळण्याची शक्यता असते. चाचणीफाइली वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये चालविण्याची सोय तेथे त्यासाठीच केलेली आहे. एक फाइल कोसळली तरी उरलेल्या चालू राहतात आणि एकीने मागे सोडलेली स्थिती दुसरीला बाधत नाही. चाचण्यांचे परस्परस्वातंत्र्य हे तत्त्व पुस्तकात एका ओळीत संपते. प्रत्यक्षात ते राखण्यासाठी अशी तजवीज करावी लागते.

पायएसपीएच : चाचणी कोडच्या शेजारी, आणि वेगाची खूण

द्रवगतिकीतील कण-आधारित गणनांसाठी असलेल्या पायएसपीएचवरील निबंध २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. या प्रकल्पात मूलभूत रचना, समीकरणे, समांतर गणना, साधने अशी अनेक उपपॅकेजे असून बहुतेकांच्या पोटात त्यांच्या स्वतःच्या चाचण्यांचे फोल्डर आहे.

या ठिकाणी दोन परंपरांचा उल्लेख आवश्यक आहे. जावाच्या जगात मेव्हन या साधनाने रूढ केलेली पद्धत अशी की मूळ कोडचा एक वृक्ष आणि चाचण्यांचा दुसरा समांतर वृक्ष ठेवायचा. दोन्हींतील पॅकेजांची नावे मात्र सारखीच. पायथॉनमध्ये एकतर सर्व चाचण्या मुळाशी एकत्र ठेवतात किंवा पायएसपीएचप्रमाणे प्रत्येक पॅकेजच्या आत. समांतर वृक्षाचा फायदा हा की ग्राहकाला देण्याच्या संचातून चाचण्या सहज वगळता येतात. आतल्या फोल्डरचा फायदा निराळा आहे. कोड हलला की चाचणीही त्याच्याबरोबर हलते. पायएसपीएचमधील पायथॉन कोडपासून वेगवान कोड तयार करणारा भाग पुढे कॉम्पाइल या नावाने स्वतंत्र प्रकल्प झाला. त्या भागाच्या चाचण्या त्याच्याच पोटात असल्यामुळे सोबत गेल्या. सगळ्या चाचण्या एका सामाईक कोठारात असत्या तर कोणती कोणाची हे आधी निवडत बसावे लागले असते. मोठ्या प्रकल्पाचे तुकडे कधी ना कधी पडतातच. ते पाडण्याची वेळ येईल असे धरूनच चाचण्यांची जागा निवडावी, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पायएसपीएच फोल्डर वेगळे करून नव्हे, तर चाचणीवर खूण करून देते. सोबत दिलेली सर्व उदाहरणे थोड्या वेळापुरती चालवून पाहणारी एक चाचणी तेथे आहे. उदाहरणे अनेक असल्याने ती वेळखाऊ आहे. म्हणून तिच्यावर ‘स्लो’ अशी खूण असून रोजच्या वापरात ती वगळता येते. समांतर गणनेच्या चाचण्यांना लागणारी ग्रंथालये ज्या संगणकावर नाहीत तेथे त्या अयशस्वी न ठरता ‘वगळली’ म्हणून नोंदल्या जातात. हा भेद किरकोळ नाही. साधन उपलब्ध नाही म्हणून लाल दिवा लागू लागला, तर वर सांगितलेली दुर्लक्षाची सवय तेथूनच सुरू होते. मात्र वगळलेल्या चाचण्यांची संख्या अहवालात दिसली पाहिजे आणि निदान एका संगणकावर त्या खरोखर चालल्या पाहिजेत, नाहीतर वगळणे हेही झाकणेच ठरते.

यक्ष : परीक्षकाची परीक्षा

महाविद्यालयीन अध्यापकांना सर्वांत जवळचा वाटेल असा तिसरा प्रकल्प म्हणजे फॉसी उपक्रमांतर्गत विकसित झालेली ‘यक्ष’ ही ऑनलाइन परीक्षाप्रणाली. नाव ऐकताच वनपर्वातील सरोवरतीरीचा प्रश्नकर्ता आठवावा, हे योग्यच आहे. विद्यार्थ्याने पायथॉन, सी, सी प्लस प्लस, जावा, बॅश किंवा सायलॅबमध्ये कार्यक्रम लिहायचा आणि अध्यापकाने आधी देऊन ठेवलेल्या चाचण्यांवर प्रणालीने तो तत्काळ तपासायचा, असे तिचे स्वरूप आहे. तिच्यावरील निबंध २०१८ च्या सायपी परिषदेत सादर झाला.

येथे चाचण्यांचे दोन थर आहेत आणि ते नीट वेगळे न ठेवल्यास मोठा गोंधळ उडेल. एक थर अध्यापकाच्या चाचण्यांचा; त्या विद्यार्थ्याचे उत्तर तपासतात आणि डेटाबेसमध्ये प्रश्नासोबत राहतात. दुसरा थर प्रणालीच्या स्वतःच्या घटक-चाचण्यांचा. त्या तपासनीसालाच तपासतात. या दुसऱ्या थरात उत्तरे तपासणाऱ्या भागासाठी वेगळे फोल्डर असून भाषानिहाय फाइली आहेत. प्रत्येकीत साधारणपणे तेच प्रसंग पुन्हा येतात : बरोबर उत्तर, चूक उत्तर, कंपायलरने नाकारलेले उत्तर आणि कधीच न थांबणारे आवर्तन. शेवटचा प्रसंग विशेष महत्त्वाचा आहे. शंभर विद्यार्थी परीक्षा देत असताना एकाच्या न थांबणाऱ्या कार्यक्रमाने सर्व्हर अडवून धरला, तर उरलेल्या नव्याण्णव जणांवर अन्याय होतो. प्रणाली ठरावीक वेळेनंतर असा कार्यक्रम बंद पाडते की नाही, हे प्रत्येक भाषेसाठी वेगळे तपासावे लागते, कारण प्रत्येक भाषेत कार्यक्रम चालविण्याची रीत वेगळी असते. भाषानिहाय फाइली व प्रसंगनिहाय समान नावे, अशी ही मांडणी एखाद्या तक्त्यासारखी वाचता येते. कोणता रकाना रिकामा आहे हे लगेच दिसते. नव्या भाषेची भर घालणाऱ्याला काय काय लिहावे लागेल हेही त्यातूनच समजते.

सामाईक नमुन्यांची जागा

चाचण्यांच्या मांडणीत नमुना-माहितीचा प्रश्न नेहमी मागे पडतो. दहा चाचण्यांना लागणारी तीच ती नावे व आकडे दहा ठिकाणी उतरवून घेतले, की एक बदल दहा ठिकाणी करावा लागतो. उलट सर्व नमुने एका फाइलीत कोंबले, तर एका चाचणीसाठी केलेली दुरुस्ती दुसरीला मोडते. जो नमुना ज्या फोल्डरपुरता सामाईक आहे तो त्याच फोल्डरच्या पातळीवर ठेवावा, हा मध्यम मार्ग पायटेस्ट या चौकटीने सोयीचा केला आहे.

मराठी मजकूर हाताळणाऱ्या प्रकल्पांसाठी असा एक नमुनासंच अवश्य असावा. ‘वऱ्हाड’ हा एकच शब्द घ्या. त्यातील अर्धा र युनिकोडमध्ये ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराने लिहिता येतो, ‘र’ला नुक्ता जोडून लिहिता येतो आणि ‘र’, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह असाही लिहिता येतो. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. पहिले दोन युनिकोडच्या प्रमाणीकरणानंतर एक होतात. तिसरा मात्र होत नाही, त्यासाठी कार्यक्रमात वेगळी तरतूद करावी लागते. ती नसेल तर खातेदाराचे नाव यादीत असूनही शोधात सापडत नाही. अंकांचेही तसेच : ‘४०’ आणि रोमन लिपीतील चाळीस यांची तुलना अक्षरशः केली तर ती फसते. असे नमुने एकदा जमवून ठेवले की नाव, पत्ता, गट क्रमांक यांपैकी कशाशीही संबंधित चाचण्या ते वापरू शकतात.

विद्यार्थी-प्रकल्पात अवलंब

आपल्या महाविद्यालयांतील प्रकल्प वरील प्रकल्पांइतके मोठे नसतात, हे खरे. पण चार विद्यार्थ्यांचा गट, तीन-चार मॉड्यूल्स आणि एका सत्राचा काळ एवढ्यातही मांडणीचे प्रश्न तेच असतात. वर उल्लेखिलेल्या जमीन-नोंदींच्या प्रकल्पात क्षेत्रगणना, खातेदार, फेरफार आणि अहवाल अशी चार मॉड्यूल्स धरली, तर प्रत्येकाच्या आत चाचण्यांचे फोल्डर असावे आणि ते मॉड्यूल ज्या विद्यार्थ्याकडे आहे त्याच्यावरच त्याच्या चाचण्यांची जबाबदारी असावी. डेटाबेस लागणाऱ्या चाचण्यांवर खूण असावी. एक आज्ञा दिली की हलक्या चाचण्या काही सेकंदांत पूर्ण व्हाव्यात. प्रयोगशाळेतील जुन्या संगणकावर तास संपता संपता कोणी दहा मिनिटे वाट पाहत बसणार नाही. चाचणीचे नाव वाक्यासारखे असावे. ‘चाचणी ७ अयशस्वी’ यापेक्षा ‘चाळीस गुंठ्यांचा एक एकर होतो’ या नावाची चाचणी अयशस्वी झाली, तर मॉड्यूल न लिहिलेल्या विद्यार्थ्यालाही काय बिघडले ते कळते.

मूल्यमापनाचा प्रश्न मात्र थोडा अवघड आहे. चाचण्यांची संख्या मोजून गुण दिले तर विद्यार्थी संख्या वाढवतील. कोडच्या किती टक्के ओळी चाचण्यांतून चालल्या हे मोजले, तर काहीही न ताडणाऱ्या चाचण्या लिहून ते प्रमाणही वाढविता येते. यापेक्षा विश्वासार्ह मार्ग डीमिलो, लिप्टन व सेवर्ड यांनी १९७८ मध्ये सुचविला होता : कोडमध्ये हेतुतः लहानशी चूक घालावी आणि चाचण्या ती पकडतात का ते पाहावे. मोठ्या प्रकल्पांत यासाठी स्वयंचलित साधने वापरतात. तोंडी परीक्षेत साधनाचीही गरज नाही. बहिःस्थ परीक्षकांनी क्षेत्रगणनेच्या फाइलीतील ४० च्या जागी १०० लिहावे, विद्यार्थ्याला चाचणीसंच चालविण्यास सांगावे आणि कोणती चाचणी, कोणत्या फोल्डरमधील, कोणत्या नावाने अयशस्वी होते ते पाहावे. एकही झाली नाही तर चाचण्या नावापुरत्या आहेत. सर्व मॉड्यूल्सच्या चाचण्या एकदम कोसळल्या तर मॉड्यूल्स नको तितकी एकमेकांत गुंतलेली आहेत. क्षेत्रगणनेतील दोन-तीनच झाल्या, आणि फेरफार मॉड्यूलमधील बेरजेवर अवलंबून असलेली एखादी झाली, तर पुढच्या तुकडीच्या हाती तो प्रकल्प सोपविता येईल.